पोटाचा ब्लॉक आणि श्वास: आईचं शुक्रवारी ऑपरेशन आहे, सल्ला हवा

डोंगरातली_लेक (धागाकर्ती), मंगळवार रात्री

नमस्कार मंडळी. आई ६८ वर्षांची. पाटण तालुक्यातलं आमचं गाव, चाळीस वर्षं चुलीपुढे गेली. विडी नाही, तंबाखू नाही, पण तीन वर्षांपूर्वी छातीच्या डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार, सांगितलं. तेव्हापासून रोज पंप ओढते. सव्वा वर्षापूर्वी हृदयात स्टेंट टाकला, म्हणून रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या चालू होत्या, त्यात एक क्लोपिडोग्रेल.

रविवारी जेवण झाल्यावर पोटात उजवीकडे कळ आली, उलट्या झाल्या, ताप भरला. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले, पित्ताशय सुजलेलं. साताऱ्यात ॲडमिट केलंय, अँटिबायोटिक चालू आहे. शुक्रवारी सकाळी ऑपरेशन. सर्जन म्हणाले, दुर्बिणीतून सुरुवात करू, पण आत चिकटलेलं असलं तर बरगडीखाली चिरा घेऊन पोट उघडावं लागेल.

आज भूलतज्ज्ञ मॅडम तपासून गेल्या. पूर्ण भूल देणार, शिवाय पोटाच्या उजव्या बाजूला ब्लॉक (नसा बधिर करणारं इंजेक्शन) देणार, म्हणजे नंतर दुखणार नाही आणि छाती मोकळी राहील, असं त्या म्हणाल्या. त्या गेल्या आणि शेजारच्या कॉटवरच्या आजींचा मुलगा सांगायला लागला, त्याच्या मामांना असाच ब्लॉक दिला होता, श्वास अर्ध्यावर आला, रात्रभर ऑक्सिजन लावावा लागला.

आईचा श्वास आधीच तोकडा आहे. दोन मजले चढली की कठड्याला धरून उभी राहते. नको म्हणू का ब्लॉकला? आई विचारतेय, मला काय सांगावं कळत नाही. कोणी जाणकार असेल तर कृपया लिहा.

जास्वंद

काळजी करू नकोस गं. इथे भूलतज्ज्ञ आहेत दोघे-तिघे, ते लिहितीलच. धागा वर आणतेय.

खाडीकाठ

मी घाबरवायला लिहीत नाही, पण झालेलं सांगतो. दोन वर्षांपूर्वी बाबांचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं, पोट मधोमध उघडून. दोन्ही बाजूंना ब्लॉक दिला होता. दुखलं नाही हे खरं. पण बाबा म्हणायचे, पोट आपलं वाटतच नाही, खोकायला गेलं की जोरच लागत नाही. कफ आतच राहिला, तिसऱ्या दिवशी न्यूमोनिया निघाला. आठ दिवसांचे अठरा झाले. ब्लॉकमुळेच झालं असं मी म्हणत नाही, पण आम्हाला आधी कोणी काही सांगितलं नव्हतं, याचं दुःख अजून आहे.

भूलवाला

ताई, मी भूलतज्ज्ञ आहे, बावीस वर्षं हेच काम करतो. तुमच्या आईंना मी तपासलेलं नाही, तेव्हा शेवटचा शब्द तिथल्या मॅडमचाच. पण ब्लॉक कुठे बसतो आणि श्वास कुठून चालतो हे कळलं तर निम्मी भीती जाईल, म्हणून सविस्तर लिहितो.

आपण स्वस्थ बसलेलो असताना श्वास चालतो तो मुख्यतः श्वासपटलावर, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या घुमटासारख्या पडद्यावर. त्याला हुकूम येतो तो मानेतून. मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मज्जामुळांपासून निघालेली फ्रेनिक नस छातीतून खाली उतरून पडद्यापर्यंत येते. पोटाच्या भिंतीच्या नसा वेगळ्या. त्या पाठीच्या कण्यातून, छातीच्या सातव्या ते बाराव्या आणि कमरेच्या पहिल्या मुळातून निघतात, बरगड्यांखालून पुढे येतात आणि पोटाच्या स्नायूंच्या दोन थरांमधून चालतात.

सोनोग्राफीच्या पडद्यावर पोटाची भिंत चिरोट्याच्या पदरांसारखी दिसते. वरून चरबी, मग एकाखाली एक तीन स्नायू. सगळ्यात आतल्या स्नायूचं नाव ट्रान्सव्हर्सस ॲबडॉमिनिस. तो आणि त्याच्या वरचा स्नायू यांच्यामध्ये सुईचं टोक आणायचं आणि औषध सोडायचं. जागा बरोबर असेल तर दोन पदर एकमेकांपासून सुटतात आणि मधे होडीच्या आकाराची काळी फट उघडते. त्या फटीतून नसा जातात. हाच टॅप ब्लॉक. आईंचा चिरा बरगडीखाली असेल, म्हणून सुई जरा वर, बरगडीच्या कडेला लागून घालतील. मानेतून येणाऱ्या नसेपासून ही जागा लांब आहे. श्वास आत घेणारा पडदा या ब्लॉकने झोपत नाही.

आता मामांची गोष्ट. त्यांचं ऑपरेशन कशाचं होतं ते विचारा. माझा अंदाज, खांद्याचं असणार.

डोंगरातली_लेक

डॉक्टर, आत्ताच जाऊन विचारून आले. खांद्याचंच! पडून खांदा मोडला होता, प्लेट बसवली. तुम्हाला कसं कळलं?

भूलवाला

कारण खांद्यासाठी ब्लॉक मानेत देतात आणि फ्रेनिक नस तिथून अगदी जवळून जाते. पूर्वापार २० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त औषध देत आले, तेवढ्यात त्या बाजूचा अर्धा पडदा जवळजवळ प्रत्येकाचा काही तास झोपतो. फुंकून बाहेर टाकता येणारी हवा साधारण पाव हिश्शाने घटते. धडधाकट माणसाला कळतही नाही. फुप्फुसं आधीच अधू असतील तर त्याला हवा पुरत नाही असं वाटतं. म्हणून आता आम्ही औषध कमी घेतो किंवा दुसऱ्या जागी ब्लॉक देतो. मामांचा अनुभव खरा आहे, पण तो ब्लॉक निराळा. "ब्लॉक" या एका शब्दात मानेपासून पायाच्या घोट्यापर्यंतचे वीस-पंचवीस प्रकार येतात आणि वॉर्डात ते सगळे एकच होऊन जातात.

खाडीकाठ, तुमचं लिहिणं मी दोनदा वाचलं. त्यात तथ्य आहे आणि ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही.

पोटाचे स्नायू श्वास घ्यायला फारसे लागत नाहीत, पण जोरात सोडायला लागतात. खोकला बघा. आधी खोल श्वास, मग घसा बंद करून पोट आत ओढून दाब तयार करायचा, मग घसा एकदम उघडायचा. यातला मधला भाग पोटाच्या भिंतीचा. तिच्या नसा बधिर केल्या की थोडा जोर कमी होतो. १८९९ मध्ये जर्मनीत श्लाइख यांनी पोटाच्या पुढच्या पट्ट्यातला ब्लॉक सांगितला, तो पोटाची भिंत सैल पाडण्यासाठीच होता. तेव्हा स्नायू सैल करणारी आजची औषधं नव्हती. म्हणजे ब्लॉकने पोट सैल पडतं हे आमच्या विषयात सव्वाशे वर्षं माहीत आहे.

आज आम्ही औषध पातळ वापरतो. बुपिव्हकेन पाव टक्का किंवा रोपिव्हकेन त्याच्या आसपास. त्यात दुखणं नेणाऱ्या बारीक तंतूंवर जास्त आणि स्नायूच्या तंतूंवर कमी परिणाम होतो. साध्या माणसाचा खोकला तेवढ्याने बिघडत नाही. पण ज्यांना बसल्या जागीसुद्धा ओठ आवळून, पोट आत ओढून श्वास सोडावा लागतो, त्यांचे पोटाचे स्नायू दिवसभर कामावर असतात. अशा रुग्णाला दोन्ही बाजूंचा दाट ब्लॉक देताना मी नक्की थांबून विचार करतो. तुमच्या बाबांना नेमकं काय झालं हे इथे बसून सांगता येणार नाही. एक विचारतो. पहिले दोन दिवस त्यांना उठवून बसवलं होतं का? आणि झोप येणारी इंजेक्शनं चालू होती का?

खाडीकाठ

दोन दिवस आडवेच होते. "दुखत नाही ना, मग आराम करू द्या" असंच सगळे म्हणत होते, आम्हीही. इंजेक्शन कुठलं होतं माहीत नाही, पण गुंगीत असायचे. आपण सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. इतक्या दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं.

भूलवाला

तुमचा दोष नाही त्यात. घरच्यांना कोणी सांगितलंच नाही तर कळणार कसं?

आता ताई, ब्लॉक नाही दिला तर काय होतं, ते. पोटाच्या वरच्या भागात चिरा घेतला की पुढचे एक-दोन दिवस माणूस एका दमात जितकी हवा घेऊ-सोडू शकतो ती साधारण निम्म्यावर येते. पूर्ववत व्हायला आठवडा, कधी जास्त. पूर्ण भुलीत जवळजवळ प्रत्येकाच्या फुप्फुसाचा पाठीकडचा, खालचा थोडा भाग मिटतो. तो नंतर खोल श्वासाने उघडायचा असतो. पण चिरा दुखत असतो म्हणून माणूस वरवरचा, भराभर श्वास घेतो, खोकला गिळतो. मिटलेला भाग मिटलेलाच राहतो, तिथे कफ साचतो, मग जंतू.

दुखणं मारायला नुसती अफूच्या जातीची औषधं दिली, मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडॉल, तर दुखणं कमी होतं, पण गुंगी येते, श्वासाचा वेग उतरतो, खोकल्याची ऊर्मीही कमी होते. सीओपीडी असेल तर हे रात्री झोपेत जास्त जाणवतं. ब्लॉकचा खरा उपयोग इथे आहे. २००१ मध्ये रफी या डॉक्टरांनी टॅप ब्लॉकची पद्धत पहिल्यांदा मांडली. तेव्हा सोनोग्राफीशिवाय, कमरेजवळच्या पेटिटच्या त्रिकोणात सुई घालून, पदर सुटल्याची बारीक "टक्" हाताला जाणवली की औषध सोडायचं. २००७ साली आयर्लंडमध्ये मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनच्या ३२ रुग्णांवर अभ्यास झाला. पहिल्या २४ तासांत लागणारं मॉर्फिन सरासरी ८० मिलिग्रॅमवरून सुमारे २२ वर आलं. पुढच्या सगळ्या अभ्यासांत इतका मोठा फरक दिसला नाही, हेही सांगतो. सिझेरियनमध्ये कमरेच्या इंजेक्शनातच मॉर्फिन दिलं असेल तर टॅप ब्लॉकने फारशी भर पडत नाही.

आणि तुमच्या मॅडमनी पाठीतली एपिड्यूरल नळी, म्हणजे मणक्याच्या आत बधिर करणारं औषध सोडणारी बारीक नळी, का नाही सुचवली? पोटाच्या वरच्या चिऱ्याला ती खरं तर जास्त चांगली. पोट हाताळल्यामुळे श्वासपटल प्रतिक्षिप्तपणे मंद पडतं, नुसत्या दुखण्यामुळे नाही. तो मंदपणा बधिर करणारं औषध एपिड्यूरलमधून दिलं तर काही अंशी सुधारतो. भिंतीतल्या ब्लॉकने तसं होत नाही. पण क्लोपिडोग्रेल थांबवून पाच ते सात दिवस व्हावे लागतात. नाहीतर मणक्याच्या आत रक्त साकळून पाय लुळे पडण्याचा धोका. पोटाच्या भिंतीत रक्त आलं तर वरून दाबता येतं, मणक्यात दाबता येत नाही. मॅडमनी विचार करूनच ठरवलेलं दिसतंय. शिवाय एकाच बाजूचा ब्लॉक, म्हणजे डाव्या बाजूचा जोर शाबूत.

सांजवात

डॉक्टर, एक शंका. माझं मागच्या वर्षी पित्ताशयाचं दुर्बिणीतून झालं, ब्लॉकही दिला होता. पोट अजिबात दुखलं नाही पण उजवा खांदा दोन दिवस ठणकत होता. मला वाटलं हृदयाचं काही. तो ब्लॉक चुकला होता का?

भूलवाला

नाही. दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्याने श्वासपटल खालून चुरचुरतं आणि ती तक्रार फ्रेनिक नसेवाटे मानेच्या मुळांकडे जाते. खांद्याची संवेदनाही तिथेच पोचते, म्हणून मेंदूला खांदा दुखतोय असं वाटतं. पोटाच्या ब्लॉकचा तिथे हात पोचत नाही. आतल्या अवयवांचं खोल, जड दुखणंही त्याने जात नाही, ब्लॉक फक्त भिंतीचा. म्हणून सोबत पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी हवंच, दुखायला लागल्यावर नाही. अर्थात हृदयाचा आजार असलेल्याने खांदेदुखी अंगावर काढू नये, सांगावी.

श्वासमित्र

मी फिजिओथेरपिस्ट. डॉक्टरांनी सगळं लिहिलंच आहे, माझ्या बाजूचं सांगते. ताई, ऑपरेशनला अजून दोन दिवस आहेत. आजच सुरुवात करा, कारण ऑपरेशननंतर नवीन काही शिकवणं फार अवघड जातं.

मेडिकलमधून तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर आणा. त्यावर ६००, ९००, १२०० लिहिलेलं असतं. सेकंदाला इतके मिलिलिटर हवा ओढली की ती गोळी वर जाते. हे यंत्र ओढायचं आहे, फुंकायचं नाही. दहातले सहा जण पहिल्यांदा फुंकतात. तिन्ही गोळ्या टपकन उडवण्यात काही अर्थ नाही. हळू ओढून पहिली गोळी वर तीन सेकंद तरंगत ठेवणं जास्त मोलाचं. जागेपणी तासाला दहा वेळा, मधे थांबत. कवळी असेल तर लावूनच करायला सांगा, नाहीतर ओठांच्या कडेने हवा जाते आणि गोळी हलत नाही.

खोकला: घट्ट उशी पोटावर, दोन्ही हातांनी दाबून धरायची, मग खोकायचं. भिंतीचा गेलेला थोडा जोर ही उशी भरून काढते. खोकवत नसेल तर आरशावर वाफ सोडतो तसा उघड्या तोंडाने जोरात "हा".

आणि बसवणं. पाय खाली सोडून कॉटच्या कडेला. आडवं पडलं की पोटातले अवयव पडदा वर ढकलतात, बसलं की पडद्याला खाली यायला जागा होते. नुसत्या गोळ्यांच्या यंत्राने छातीचा त्रास टळतो असं अभ्यासांत काही ठामपणे दिसलेलं नाही. उठणं, बसणं, चालणं यांना पर्याय नाही. पंप मात्र ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा चुकवू नका, मॅडमना विचारून.

भूलवाला

अगदी बरोबर. त्यात एक भर. पहिल्यांदा उभं करताना दोघांनी धरा. ब्लॉकचं औषध कधीकधी खाली पाझरतं, मांडीच्या नसेपर्यंत जातं आणि त्या बाजूचा गुडघा अचानक दुमडतो. काही तासांत उतरतं, पण पडायला एक क्षण पुरतो.

आणि वेळेचा हिशोब ठेवा. एकदा दिलेला ब्लॉक साधारण आठ ते बारा तास चालतो, कधी जास्त. सकाळी दहाला दिला तर रात्री केव्हातरी उतरणार, नेमकं वॉर्डात माणसं कमी असताना. संध्याकाळीच सिस्टरना विचारून ठेवा, रात्रीचा डोस किती वाजता. दुपार ते रात्र हे जे बिनदुखीचे तास मिळतात, ते झोपण्यात घालवू नका. खाडीकाठ यांनी जे लिहिलंय ते मनात ठेवून सांगतोय.

डोंगरातली_लेक, बुधवार दुपार

यंत्र आणलं. आईने तोंडात धरलं आणि फुंकणीत मारतात तशी जोरदार फुंकर मारली! सगळ्या गोळ्या जागच्या जागी. चाळीस वर्षांची सवय. तिला म्हटलं, आई, फुंकणी नाही ही, उलटं कर. मग नारळपाणी नळीने ओढतात तसं ओढ म्हटल्यावर जमलं. पहिली गोळी वर, दुसरी अर्ध्यापर्यंत. मॅडमनाही तुमचे प्रश्न विचारले. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि दहा मिनिटं बोलल्या. एकाच बाजूला, पातळ औषध, आईच्या वजनावर मोजून. रात्रीचं पॅरासिटामॉल त्यांनी कागदावर वेळेसकट लिहून दिलं.

जास्वंद

शुक्रवारी सकाळी आठवण आहे सगळ्यांना. कळव.

डोंगरातली_लेक, शनिवार पहाट

आत्ता लिहायला वेळ मिळाला. दुर्बिणीतून जमलं नाही, चिकटलेलं होतं, बरगडीखाली चिरा घ्यावा लागला. साडेअकराला बाहेर आणलं. मॅडमनी स्पिरिटचा बोळा आधी डाव्या बाजूला लावला, मग उजव्या. आई म्हणाली, "हितं गार लागतंय, हितं न्हाई." मॅडम हसल्या, म्हणाल्या, बसलाय ब्लॉक.

ऑक्सिजन ९१ होता, नाकात नळी लावून ९५. तीन वाजता कडेला बसवलं, मी आणि वॉर्डातल्या मावशींनी दोन्हीकडून धरून. उशी पोटावर दाबून खोकली. पहिले चार-पाच खोकले कोरडे, कोरडे नाही, पोकळच. मला खाडीकाठ दादांचे शब्द आठवले, पोटात धस्स झालं. मग "हा" करायला लावलं, तीनदा, आणि सातव्या-आठव्या खोकल्याला घट्ट पिवळा कफ पडला. तेव्हा ऑक्सिजन आपोआप ९६.

रात्री साडेनऊचं औषध दहा मिनिटं उशिरा मिळालं, मी मागे लागून घेतलं. दीडच्या सुमाराला आई जागी झाली, म्हणाली उजवीकडे आग होतेय, म्हणजे ब्लॉक उतरला. सिस्टरनी अर्ध्या तासात इंजेक्शन दिलं, त्यानंतर दर पंधरा मिनिटांनी येऊन छातीवर हात ठेवून श्वास मोजत होत्या. मिनिटाला सोळा. आता झोपलीय.

खाडीकाठ

वाचून डोळे भरून आले. कफ पडला हे फार बरं झालं. आता सोमवारपर्यंत सोडू नका तिला आडवं.

श्वासमित्र

शाब्बास दोघींना! आज कॉरिडॉरमध्ये दोन फेऱ्या. गोळी कमी वर जाईल, घाबरू नका, पहिले दोन दिवस तसंच असतं.

डोंगरातली_लेक, बुधवार

एक्स-रे चांगला आहे, ताप नाही, कालपासून ऑक्सिजन काढला. क्लोपिडोग्रेल परत सुरू केली. उद्या सोडतील. गोळी एक पूर्ण आणि दुसरी पाऊण.

शेजारच्या आजींचं काल हर्नियाचं ऑपरेशन झालं. त्यांच्या मुलाने पण तसंच यंत्र आणलं. सकाळी चहा घेऊन आले तर आई आपल्या कॉटवरून उतरून त्यांच्या उशाशी बसलेली, एक हात स्वतःच्या पोटावरच्या उशीवर, आणि त्यांना सांगत होती, "आगं बाय, फुकायचं न्हाई, आत वडायचं."